वाघाच्या तोंडातला माणूस

उकंडाला वाघाने नेलं त्याच वर्षी कापसाच्या पऱ्हाटीला बोंडअळीने नेलं, म्हणून कोसदऱ्याच्या लोकांना ही दोन्ही दुखणी एकदमच आठवतात. कोणी विचारलं तर आधी अळीचं सांगतात, मग उकंडाचं. त्याच्या बायकोला, रुखमाबाईला, याचाही राग होता.

सरपंच सदाशिवरावांच्या नाल्याकाठच्या वावरात वेचणी चालली होती. बोंडं किडकी, कापूस पिवळा, निम्मा तर न उमललेली, कडक कवडीच. उकंडा कमरेची कापसाची ओटी सावरत खाली वाकला होता आणि रुखमाबाई काही ओळी पलीकडे होती. भरदुपारी बांधाच्या धुऱ्यावरून वाघ आला. ती ओरडली, ढेकळं फेकली, नाल्यापर्यंत मागे धावली. उकंडाला तोंडात धरून वाघाने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो चालू लागला. पळाला नाही. त्याला काही घाईच नव्हती, हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं.

पेपरात मोठा फोटो आला. उकंडाचा नव्हे, वाघाचा. तोही कुठल्या तरी दुसऱ्याच जंगलातला, पाण्याकाठी बसलेला, देखणा. उकंडाचा फोटो घरात खुंटीला होता, पण तो कोणी मागितला नाही.

गावात शिरताना वाटेच्या कडेला एक काळा दगड होता, माणसाच्या छातीएवढा. त्यावर वाघ कोरलेला, म्हणून लोक त्याला वाघधोंडा म्हणत. देवळांवरचे वाघ बहुतेक सिंहाचे चुलतभाऊ वाटतात, पण हा कोरणाऱ्याने वाघ जवळून पाहिला असणार. बरगड्या दिसत होत्या, पोट लोंबत होतं, एक कान फाटलेला होता आणि ओझं ओढताना खांद्यांची हाडं वर आली होती. ओझं म्हणजे माणूस. त्याच्या डोक्याला मुंडासं होतं, तोंड उघडं होतं आणि एक हात वाघाच्या नाकाडावर रोवलेला. मागे शेपूट उचलून पळणारा बैल, वर चंद्र-सूर्य. जुनी माणसं सांगत, गुरं राखताना वाघाने नेलेल्या कोणाच्या तरी घरच्यांनी तो उभा केला. कोणाच्या आणि केव्हा, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे लोकांनी वाघाला शेंदूर लावला, नारळ फोडले, वाघाचा देव केला. माणसाला कोणी बोटभर शेंदूरही लावला नाही.

सासऱ्याने दीक्षा घेतली तेव्हापासून रुखमाबाईच्या घरात देव नव्हते. लग्न होऊन आल्यापासून ती त्या दगडासमोरून जात होती आणि तिने कधी हात जोडले नव्हते. उकंडा गेल्यावर मात्र ती तिथे थांबायला लागली. डोक्यावरचा भारा खाली ठेवायची आणि बघायची. उकंडाचा हातही असाच वाघाच्या तोंडावर होता. तिने पाहिलं होतं. कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी आणखी कोणीतरी तेच पाहिलं होतं, आणि ते झाकून ठेवलं नव्हतं.

दोनेक वर्षांत कापसाने गावाचं पार कंबरडं मोडलं. त्यातच कोसदऱ्याच्या बाजूने जंगलाचं नवं फाटक उघडणार, पर्यटकांच्या जिप्सी इथूनच आत जाणार, अशी बातमी आली. ग्रामसभेत सदाशिवराव उभे राहिले. "पऱ्हाटीत आता काही राह्यलं नाही," ते म्हणाले. "वाघच आपलं पीक. हेच नीट राखा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुखमाबाईचा मुलगा संघदीप याला वाटाड्याचं काम मिळालं. खाकी सदरा आला, टोपी आली. तिला हे मुळीच पटलं नव्हतं, पण पोराच्या तोंडाकडे बघून तिने त्याला अडवलं नाही.

पहिले पर्यटक पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती निंदण करून परत येत होती. वाघधोंडा जागेवर नव्हता. थोडा पुढे नवा चौथरा बांधून त्यावर तो बसवला होता. वाघ हळदीसारखा पिवळा रंगवलेला, पट्टे काळेभोर, डोळ्यांत पांढरा ठिपका. आणि अन्सार मिस्त्री खाली उकिडवा बसून माणसावर सिमेंट लिंपत होता. पाय गेले होते, छाती गेली होती. मुंडासं आणि तो हात तेवढा अजून बाहेर होता.

"अन्सारभाई, हे काय करून राह्यले?"

"भाभी, सरपंचांनी सांगतलं. पाव्हण्यांले हे बरं नाही दिसत म्हने. वाघ ठेवाचा, खाली गवत करून टाकाचं."

"अन् मानूस?"

अन्सारने थापी पाटीत ठेवली. तिच्याकडे न बघता म्हणाला, "मानूस गवताखाली."

रुखमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात खुरपं होतंच. चौथऱ्याला गुडघा टेकवून तिने सिमेंट खरवडायला सुरुवात केली. ओला गिलावा ढेपांनी खाली पडू लागला. अन्सारने तिला अडवलं नाही. तो उठून लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

कोणीतरी निरोप पोचवला असावा. मोटारसायकलवर सदाशिवराव आले, चालवायला संघदीप.

"रुखमे, काय लावलं हे? तुमी तं देव मानत नाही. मंग या धोंड्याशी तुह्यं काय घेनंदेनं?"

"देव नाही मानत. मानूस मानते."

"उद्या शहरातले लोकं येतीन, लेकरंबाळं घेऊन. त्याइले काय दाखवाचं? वाघ मानसं खाते म्हून? कोन येईन मंग आपल्या गावात?"

"खाते नं मंग. तुमच्याच वावरात खाल्लं." तिचा आवाज चढला नव्हता, पण खुरपं थांबलं होतं. "अन् दुसऱ्या दिवशी तुमी त्याच वावरात बायाइले वेचाले बलावलं. ओळीतलं रक्त सुकलं नव्हतं, सरपंचसाहेब. तेवाही तुमी म्हनलं, कापूस खराब होते."

सदाशिवराव संघदीपकडे वळून म्हणाले, "समजाव तुह्या मायले. नाही तं काम दुसऱ्याले देतो."

संघदीप पुढे आला. "माय, चाल घरी."

"तू पाह्यलं काय इथं काय चाललं ते?"

"पाह्यलं. तो बाबा नोहे, माय. दगड हाय तो." त्याने तिच्या हातातलं खुरपं हिसकावलं. "बाबा गेला. आता मी तरी जगू का नोको?" आणि त्याने खुरपं दूर तुरीत भिरकावून दिलं.

तिने मुलाकडे पाहिलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला आणखी संताप आला: त्याच्यावर नव्हे, तर पोराला पोट भरायचं असेल तर बापाचं मरण लिंपून टाकावं लागतं, या गोष्टीवर. ती वळली आणि नखांनी खरवडू लागली. सिमेंट बोटांत शिरलं, कातडी भाजल्यासारखी झाली. सदाशिवराव तोंडातल्या तोंडात शिव्या देत निघून गेले, संघदीप त्यांच्यामागून.

लिंबाखालून अन्सार आला. त्याच्या हातात पाण्याची बादली होती. "घट्ट झालं तं निघनार नाही," एवढंच म्हणाला आणि दगडावर पाणी ओतू लागला. दोघांनी मिळून पाय मोकळे केले, छाती मोकळी केली. काही कोरीव खाचांतलं सिमेंट मात्र तोवर धरलं होतं. ते निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी वेगळी युक्ती केली. वाघाच्या गळ्यापासून खाली झेंडूचे इतके हार सोडले की खालचा माणूस पुरता झाकला गेला. जिप्सी आल्या, नारळ फुटला, मोबाइल वर झाले. संघदीप टोपी नीट करून पाहुण्यांना सांगत होता, हा आमच्या गावाचा राखणदार, शेकडो वर्षांचा. एका बाईंनी विचारलं, "या फुलांखाली काय आहे?"

"काही नाही," संघदीप म्हणाला.

रुखमाबाई बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. ती पुढे आली, कोणाच्या काही लक्षात यायच्या आत तिने ते हार मुठीत धरून वर ओढले आणि दगडाच्या माथ्यावर टाकले. "हा मानूस हाय," ती पाहुण्यांना म्हणाली. "वाघाने नेलेला. फोटो काढाचा असन तं दोघाइचा काढा."

एकाने मोबाइल खाली घेतला. त्या बाई मात्र वाकून बराच वेळ बघत राहिल्या. सदाशिवरावांचा चेहरा काळा पडला, पण पाहुण्यांसमोर त्यांना काही बोलता येईना. रुखमाबाई तशीच पाठ फिरवून कामाला निघून गेली.

संघदीपचं काम गेलं नाही. जंगलाच्या वाटा त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या. पण कितीतरी दिवस तो आईशी बोलला नाही. ती ताट वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा. तिची बोटं सोलवटली होती, त्यांत तिखट-मीठ गेलं की ती दात आवळायची, आणि ते त्याला दिसायचं.

एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "पाव्हने इचारतात. त्या दगडातल्या मानसाचं नाव काय म्हून."

"मंग?"

"मी बाबाचं नाव सांगतो."

तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिचा हात थांबला. "ते खोटं हाय," ती करड्या आवाजात म्हणाली. "तो मानूस दुसरा. त्याचंही कोनी होतं."

"मंग तुले ठाव हाय त्याचं नाव?"

तिला ठाऊक नव्हतं. गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. चुलीचा धूर डोळ्यांत गेला, ती चिडून फुंकत राहिली, आणि भाकरी फुगली तशी ती तिने त्याच्या ताटात टाकली.