आधी फोटो, मग तास

शाळेची एक पद्धत होती. कार्यक्रम कोणताही असो, आधी त्याचा फोटो काढायचा आणि मग सवड मिळाली तर कार्यक्रम करायचा. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ती पाडली होती आणि तिच्यामुळे शाळेचं कधी काही बिघडलं नव्हतं. वृक्षारोपणाचं रोप सहा वर्षं एकाच कुंडीत होतं. दर वर्षी ते फोटोपुरतं खड्ड्यात उतरायचं, पाहुण्यांच्या हातून घोटभर पाणी प्यायचं आणि परत कार्यालयाच्या खिडकीत येऊन बसायचं. रोपाच्याही ते आता अंगवळणी पडलं होतं.

त्यामुळे माध्यम साक्षरता नावाचा नवा विषय वरून आला तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. मुलांना बातमी पारखता यावी, खोटा फोटो ओळखता यावा, मोबाइलवर येईल ते त्यांनी डोळे मिटून गिळू नये, असा तो विषय. आठवड्याला एक तास. गणिताच्या सरांनी हात झटकले, विज्ञानाच्या बाईंची पाठ नेमकी त्याच दिवशी धरली, आणि ते घोंगडं ग्रंथालयाच्या बाईंच्या गळ्यात पडलं.

ग्रंथालयाच्या बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. त्या नऊ वर्षं तात्पुरत्या होत्या. दर सुट्टीच्या तोंडावर त्यांना सेवा संपल्याचं पत्र मिळायचं आणि शाळा उघडली की नव्यानं नेमल्याचं. कायम होण्याचा त्यांचा अर्ज मोठ्या सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. त्यावर एक सही हवी होती, आणि तीही पंचेचाळीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. त्यानंतर नियमच आडवा येत होता. पंचेचाळिसावा वाढदिवस आता सात महिन्यांवर आला होता. घरी आई रोज चपला काढता काढताच विचारायची, "झाली का गं सही?" आणि बाई रोज म्हणायच्या, "होईल."

तर सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सातवीचा वर्ग ग्रंथालयात आणला गेला. मुलांच्या हातात वर्तमानपत्रं दिली, फळ्यावर विषयाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि बाईंनी आपल्या मोबाइलवर फोटो काढला. मोठे सर दारातून म्हणाले, "आता जागा बदला. हा तिसऱ्या महिन्यातला तास." मुलांनी जागा बदलल्या. मग थंडीतल्या फोटोची पाळी आली. घरून आणायला सांगितलेले स्वेटर दप्तरांतून निघाले आणि भर उकाड्यात बत्तीस मुलं थंडीचा अभ्यास करायला बसली. पहिल्या बाकावरच्या एका मुलाचा हात मोडलेला होता. प्लास्टरवरून स्वेटर चढेना, म्हणून त्यानं तो नुसता खांद्यावर टाकला. प्लास्टरवर मित्रांनी हिरव्या शाईनं एक जाडजूड मासा काढलेला होता. अर्ध्या तासात वर्षाचं काम उरकलं आणि सगळे आपापल्या वर्गात गेले.

सहा महिने सुखात गेले. मग पत्र आलं की विषय उत्तम शिकवणाऱ्या शाळेचा गौरव होणार आहे, आपल्या अहवालाची निवड झाली आहे आणि तीन आठवड्यांनी तपासणी अधिकारी येऊन मुलांशी बोलतील. मोठ्या सरांनी बाईंना बोलावलं. पेपरवेट उचलून अर्ज वर काढला, झटकला आणि पुन्हा ठेवला.

"तीन आठवडे आहेत, बाई. मुलांना दोन-चार वाक्यं पाठ करून घ्या. बाकी मी बघतो. गौरव झाला की लगेच सही."

बाईंनी तेवढंच केलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांची चूक अशी झाली की त्यांनी खरंच शिकवलं. नऊ वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकल्यावर त्यांना पहिल्यांदाच वर्ग मिळाला होता, आणि तो त्यांना आवडला. त्यांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले: हे कोण सांगतंय? कशावरून? हे केव्हाचं आहे? यात फायदा कुणाचा? मुलं जाहिराती घेऊन आली, काकांनी पाठवलेले औषधांचे निरोप घेऊन आली, शेजाऱ्याच्या भुताचा फोटोही आला. वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला चौकशी म्हणायचे. तिनं भुताच्या पायाशी धुणं वाळत घालायचे चिमटे शोधून काढले. बाई त्या दिवशी घरी जाईपर्यंत एकट्याच हसत होत्या.

तपासणी अधिकारी आल्या, चहा प्यायल्या आणि वर्गात आल्या. मोठे सर त्यांच्या शेजारी, नव्या कोटात. मुलांनी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली तेव्हा अधिकारीबाईंनी हात वर केला.

"ते असू दे. हे बघा, अहवालातले तुमचेच तीन फोटो आहेत. पहिल्या आठवड्यातला, तिसऱ्या महिन्यातला आणि थंडीतला. नीट बघा आणि काय दिसतं ते सांगा."

त्यांचा हेतू साधा होता. मुलांना स्वतःचे फोटो बघायला आवडतात एवढाच. फोटो बाकांवरून फिरले. वर्ग खुसखुसला. चौकशीनं हात वर केला.

"बाई, तिन्हीत प्लास्टर आहे."

"मग?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"ते तीन आठवड्यांत निघालं होतं. आणि मासा पण तोच आहे. आणि घड्याळ बघा. सव्वाअकरा, अकरा वीस, अकरा पंचवीस. हे एकाच दिवशी काढलेत."

पहिल्या बाकावरच्या मुलानं पुरावा म्हणून आपला धडधाकट हात वर धरला.

मोठ्या सरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण ते काही उगाच मुख्याध्यापक झाले नव्हते. चहाचा कप खाली ठेवायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात रंग परत आला, आणि ते टाळ्या वाजवायला लागले.

"वा! सापडली बरं का, मॅडम. मुद्दामच ठेवली होती ती चूक. मुलं शोधतात का बघायला. ही कल्पना आमच्या बाईंची." त्यांनी बाईंकडे बघितलं. "काय बाई, आपलं तसंच ठरलं होतं ना?"

अधिकारीबाईंनी बाईंकडे बघितलं. बत्तीस मुलांनी बघितलं. फळ्यावर चारही प्रश्न बाईंच्याच अक्षरात होते. वाढदिवसाला अकरा दिवस राहिले होते. बाईंना आई आठवली, दारात उभी, चपला काढायच्या आधीच विचारणारी. चौकशीचा हात अजून अर्धा वरच होता.

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हो."

मग सगळं कसं झटपट झालं. अधिकारीबाई म्हणाल्या की इतक्या शाळा फिरले, पण अशी धाडसी कल्पना कुठे पाहिली नाही. गौरव झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मोठे सर मधोमध होते आणि कोपऱ्यात बाईंचा एक कान होता. अर्ज पेपरवेटखालून निघाला आणि वाढदिवसाच्या चार दिवस आधी त्यावर सही झाली. आई रडली. तिनं कायम झाल्याचं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. बाईंना आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. खूप झाला. फक्त तो घशाखाली नीट उतरेना.

पुढच्या आठवड्यात वह्या तपासायला आल्या. गेल्या तासाचा गृहपाठ होता: नुकतंच ऐकलेलं एखादं विधान घ्या आणि चार प्रश्नांनी तपासा. एकतीस वह्यांमध्ये औषधं होती, भुतं होती, साबण होते. बत्तिसावी चौकशीची. अक्षर नेहमीसारखं गोल, समास आखलेला.

विधान: फोटोतली चूक मुद्दाम ठेवली होती.

हे कोण सांगतंय? मोठे सर. आणि आमच्या बाई.

हे केव्हाचं आहे? चूक सापडल्यानंतरचं.

यात फायदा कुणाचा? बाई आता कायम झाल्या.

दुसरा प्रश्न तिनं शेवटी घेतला होता, बहुधा विचार करायला वेळ लागला म्हणून. कशावरून? त्याच्यापुढे एकच ओळ होती: विधान खोटं आहे, कारण एरवी बाई बोलताना आमच्याकडे बघतात.

बाईंनी लाल पेन उघडलं. गुण कापायला कुठे काही सापडतं का, म्हणून पान वरून खाली वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. सापडलं नाही. त्यांनी दहापैकी दहा दिले आणि खाली सही केली.