बेरजेतली मिनिटं

"यंत्र खोटं बोलतं का गं?" मी आवाज चढवून विचारलं. "आठ हजार नऊशे चौऱ्याहत्तर. दहा हजाराला हजारावर तास कमी. विषय संपला."

वॉर्डातली ती मदतनीस खुर्चीवरून हलली नाही. नर्सिंगच्या कोर्सला अर्ज करायचा तर रुग्णसेवेचे दहा हजार तास हवेत, आणि आज शेवटचा दिवस. तिनं मांडीवरची वही टेबलावर आपटली.

"माझे दहा हजार एकतीस भरतात, काका. रोज लिहिलेत."

इस्पितळाच्या हजेरीचं दप्तर माझ्याकडे. सगळी हजेरी एका साध्या मजकुराच्या फाइलीत: क्रमांक, तारीख, कामाचा वेळ. मी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करतो. त्यातला ग्रेप नावाचा प्रोग्राम एका माणसाच्या ओळी वेचतो, ऑक नावाचा दुसरा शेवटच्या रकान्याची बेरीज करतो. चुटकीसरशी! ही कमांड अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिली आणि तेव्हापासून कॉलर ताठ करून फिरतोय.

"एकाच दिवसाची करून दाखवा," ती म्हणाली.

"एका दिवसाची कसली डोंबलाची बेरीज?"

"दाखवा तरी."

पोरगी भलतीच चिवट. कटकट मिटावी म्हणून कालची एकच ओळ दिली. सात तास पन्नास मिनिटं, म्हणजे ७:५०. एंटर दाबलं. पडद्यावर आलं, ७.

"पन्नास मिनिटं कुठं गेली?"

मी ओळ पुन्हा वाचली. आकडा वाचताना मध्ये ती दोन टिंबं आली की ऑक तिथंच थांबायचा. पुढचं त्याच्या लेखी नव्हतंच. अकरा वर्षं माझ्या एकाही बेरजेत मिनिटं आली नव्हती आणि मला गाढवाला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

आता टिंबांपाशी वेळ तोडला, तासांना साठानं गुणलं, मिनिटं मिळवली, शेवटी साठानं भागून तास आणि उरलेली मिनिटं काढली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा दहा हजार एकतीस आलं. दाखला छापून सही केली. तरी ती उठेना.

"आता एकशे चौदा नंबर काढा."

"तो कुणाचा?"

"आईचा."

नऊ वर्षांपूर्वी 'तास अपुरे' असं लिहून तिचा याच कोर्सचा अर्ज मीच परत पाठवला होता. वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची संधी होती. मी एंटर दाबलं. दहा हजार एकशे ब्याऐंशी तास, वीस मिनिटं.

"आता याचा काही उपयोग नाही गं," मी कसंबसं म्हणालो.

"ठाऊक आहे. आई अजून म्हणते, मीच मोजण्यात चुकले. छापून शिक्का मारा."

मारला. पण कागद तिच्या हातात दिला नाही.

"कुठं असते आई?"

"खाली बाकावर बसलीय. माझा निकाल ऐकायला आलीय."

कागद घेऊन दोन जिने उतरलो. बाकीच्या सगळ्यांच्या बेरजा उद्यापासून नव्यानं काढायच्याच होत्या, पण ही आज द्यायची होती.

"लेकीचे तास भरले, ताई," मी म्हणालो. "आणि तुमचेही भरले होते. चुकलो मी होतो."

तिनं कागद घेतला, चष्मा लावला. बोट तासांवरून पुढं सरकलं आणि मिनिटांवर थांबलं.

"वीस," ती म्हणाली. "माझ्याही बेरजेत वीसच आली होती."