ढिश्क्यांव सरांचा परवाना

पिस्तुलाचा परवाना काढणं हे काही खायचं काम नाही. त्यातून अर्जदार सरळ माणूस असला, तर मग बघायलाच नको. सर पडले सरळ. परवाना शाखेच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “कोणावर झाडणार?” तर सर म्हणाले, “कोणावरच नाही.”

“मग हवंय कशाला?”

“झाडायला.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “आजोबा, नेम कुठे धरणार?”

“वर. आभाळात.”

“आभाळात गोळीबार करणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याला परवाना नसतो.”

“अहो, गोळी नसते त्यात. नुसता बार आणि धूर. पोरं पळवायला लागतं.”

सरांच्या मागे उभ्या असलेल्या बाईने आपलं लेकरू कडेवर उचललं आणि मुकाट्याने दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आता यात सरांचं काय चुकलं? जन्मभर त्यांनी तेच तर केलं होतं. शाळेत ते खेळाचे शिक्षक, आणि क्रीडामहोत्सवात शर्यती सोडण्याचं काम त्यांचं. पांढरी पँट, डोक्याला टोपी, हातात ते काळं, जड पिस्तूल. “जागा घ्या... सावध...” आणि मग एक क्षण असा जायचा की सगळ्या मैदानाचा श्वास अडकायचा. त्यानंतर बार! पोरांनी त्यांचं नाव ठेवलं ढिश्क्यांव सर. ती पोरं आता पोराबाळांची झाली, कुणाचे केस पिकले, तरी बाजारात सर दिसले की हातातली पिशवी खाली ठेवून “ढिश्क्यांव!” करतात. सर लटकं रागावतात, पण घरी जाऊन आरशासमोर टोपी नीट करतात.

तेव्हा ते पिस्तूल शाळेच्या कपाटात असायचं, दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि हवा गेलेले चेंडू यांच्या शेजारी. कपाटाची किल्ली खिळ्याला, आणि खिळा सगळ्यांना माहीत. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. काय दिवस होते! मग कायदा आला. नुसत्या आवाजाचं असलं तरी ते हातातलं शस्त्रच, आणि ते कोणातरी एका माणसाच्या नावावर पाहिजे. पिस्तूल पोलीस चौकीत जमा झालं. नवे मुख्याध्यापक म्हणाले, “बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला.” त्यांनी एक विजेचा भोंगा आणला. मंडपातल्या टेबलावर बसून बटण दाबायचं, की मैदानभर भों वाजणार. माणूस नको, धूर नको, काही नको.

सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. शाळा त्यांना मानाने बोलवायची, एवढंच. भोंगा आला तर आला, घरी बसून पेपर वाचायला ते मोकळे होते. पण गोष्ट भोंग्याची नव्हती. गोष्ट गणिताच्या बाईंची होती.

शर्यतीच्या दुसऱ्या टोकाला, शंभर मीटरवर, बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या. बाई म्हणजे काटेकोरपणाची कमाल. सेकंदाचा दहावा भागसुद्धा त्या कोणाला सोडायच्या नाहीत. एकदा प्रत्यक्ष पाहुण्यांच्या मुलीची वेळ कमी लिहा म्हणून कोणी सुचवलं, तर बाईंनी घड्याळच त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “मग तुम्हीच मोजा, मी घरी जाते.”

आणि यातली खुबी अशी, की घड्याळ लावणारा माणूस आवाजावर घड्याळ लावत नाही. आवाज शंभर मीटर चालत यायचा म्हणजे उशीर होतो. घड्याळ लावायचं ते धुरावर. म्हणून सरांच्या मागे वर्गातला एक जुना फळा उभा करून ठेवायचे, काळ्यावर पांढरा धूर उठून दिसावा म्हणून. बाई तयार झाल्या की हात वर करायच्या. तो हात दिसला की सर पिस्तूल वर करायचे. अठ्ठावीस वर्षं, प्रत्येक शर्यतीला, दोघं एकमेकांकडे टक लावून बघत होते. मध्ये पोरं पळायची. एरवी शिक्षकांच्या खोलीत “आज ऊन आहे”, “हो ना, फार आहे”, याच्या पुढे गाडी जायची नाही.

सरांची बायको जाऊन खूप वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन दूर गेलेली. बाईंनी लग्नच केलं नव्हतं. आधी आईचं आजारपण, मग भावाचा संसार, मग राहूनच गेलं. हे वर्ष त्यांचं नोकरीतलं शेवटचं.

सरावाच्या दिवशी सर सहज मैदानावर गेले. बाई नेहमीच्या जागी, अंगठा घड्याळावर. भोंगा वाजला. पोरं सुटली, अर्ध्यावर आली, आणि बाई तशाच उभ्या. डोळे लांब, सरांच्या जुन्या जागेवर, जिथे आता कोणीच नव्हतं. पोरं अंगावर आल्यावर त्या दचकल्या. “घड्याळ अडकलं,” त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी खरं मानलं. सरांनी मानलं नाही. बाईंना ऐकू येत नव्हतं. कधीपासून, कोणास ठाऊक! ओठ वाचून, अंदाज बांधून त्यांनी एवढे दिवस निभावलं होतं, आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता.

भोंग्याबरोबर झेंडा दाखवा म्हणावं, तर बाई विचारणार, झेंडा कशाला? मला काय झालंय? बाईंचा मान जाऊ द्यायचा नव्हता. त्यांना शेवटच्या महोत्सवात धूर मिळायला हवा होता, बस. आणि का, ते कोणाला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी सर परवाना शाखेत जाऊन उभे राहिले.

अर्ज म्हणजे एक चोपडीच होती. कारण: स्वसंरक्षण, मालमत्तेचं संरक्षण, क्रीडा, इतर. सरांनी “क्रीडा” वर खूण केली, तर कारकून म्हणाला नेमबाजी संघटनेचं पत्र आणा. नेमबाजीवाले म्हणाले, तुम्ही नेम धरत नाही, तुम्हाला पत्र कसं देणार? मग “इतर”. इतरला वेगळी पुरवणी. पुरवणीत पहिलाच रकाना: “ज्यांच्यापासून धोका आहे त्यांची नावे.” सरांनी बराच विचार करून “मुख्याध्यापक” लिहिलं आणि मग खोडलं. खाडाखोड झाली म्हणून अर्ज परत. नवीन अर्ज. शाळेचं संमतिपत्र मागायला गेले, तर मुख्याध्यापक हसले आणि म्हणाले, “आणा बुवा, तुमची हौस आहे तर.” घरातल्या कपाटाचा फोटो हवा, तो कुलपासकट हवा. कुलूप आणलं, तर कपाटाला कडीच नव्हती. सरांच्या नाकी नऊ आले. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, या वयात पिस्तूल? लोक काय म्हणतील?” सर म्हणाले, “लोक ढिश्क्यांव म्हणतील. आत्तापर्यंत तेच म्हणतायत.”

मग वैद्यकीय दाखला. डॉक्टर सरांच्याच हाताखालून पळालेला. त्याने डोळे तपासले, हात तपासले. कान तपासताना मात्र त्याचा चेहरा उतरला. “सर, उजवा संपला. इतक्या वर्षांचे बार कानाशी काढलेत तुम्ही. डावा अजून चांगला आहे, पण आता त्याला जपा. एक दिवसाचे बार पुरेत त्याला बसवायला.”

“दाखला देतोस की नाही?”

“कायद्याने एक कान पुरतो. देतो.” आणि रागारागाने शिक्का मारला.

शेवटी राहिली साक्ष. नात्यात नसलेली, बरीच वर्षं ओळखणारी, प्रतिष्ठित व्यक्ती. अधिकारी तिला एकटीला आत बोलावून विचारणार. सरांनी दोन दिवस धीर गोळा केला आणि बाईंच्या समोर नीट उभं राहून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, “मला तो भोंगा आवडत नाही. मी परवाना काढतोय. साक्षीला याल?”

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “येईन की,” त्या म्हणाल्या.

परवाना शाखेत अधिकाऱ्याची खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा, वर छत उघडं. बाई आत गेल्या. सर बाहेर बाकावर, समोर खिडकी, खिडकीला भलीमोठी रांग.

“बसा,” आतून साहेबांचा आवाज आला. मग जोरात, “बसा!” मग इतक्या जोरात, की बाहेर उभा असलेला एक माणूस बसला.

“ही मुलाखत गोपनीय आहे!” साहेब ओरडले.

“काय आहे?” बाई त्याहून मोठ्याने.

“गोपनीय!”

रांगेने समजल्यासारखी मान हलवली. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला वाटतं, समोरच्यालाही कमीच येतं. सरांना उठून जावंसं वाटलं, पण ते बसून राहिले.

“अर्जदार तुमचे कोण?”

“कोणी नाहीत! म्हणजे कागदावर लिहिण्यासारखं कोणी नाहीत!”

“किती वर्षं ओळखता?”

“अठ्ठावीस! पण लांबून हं. शंभर मीटरवरून!”

“रागीट आहेत का?”

“भयंकर! पण राग आला की मैदानाला चकरा मारतात. दोन चकरांत उतरतो!”

“व्यसन?”

“शिट्टीचं! निवृत्त झाले तरी खिशात असते!”

रांगेत खसखस पिकली. सरांनी खिशावर हात ठेवला.

“म्हणजे परवाना द्यायला तुमची हरकत नाही!”

“आहे!”

कारकुनाचं पेन थांबलं.

“हरकत आहे, लिहून घ्या!” बाई म्हणत होत्या. “देऊ नका परवाना! साहेब, मला ऐकू येत नाही. तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. मी कोणाला सांगितलेलं नाही. पण त्यांना कळलं. मी त्या दिवशी भोंगा वाजल्यावर ठोंब्यासारखी उभी राहिले, तेव्हाच. तेव्हापासून हा माणूस तुमच्या खिडक्या पुजतोय. कशाला? तर मला धूर दिसावा म्हणून! आणि वर मला सांगतात, भोंगा आवडत नाही. मी गणित शिकवते हो, एवढी बेरीज मला येते!”

साहेबांनी काहीतरी विचारलं, पण या वेळी हळू. बाईंनी ओठ वाचले असावेत.

“का नको म्हणजे? त्यांचा उजवा कान त्या पिस्तुलाने खाल्ला. डावा एक उरलाय. डॉक्टर माझाही विद्यार्थी आहे, मला सगळं कळतं. माझे दोन्ही गेले, साहेब. आता त्यांचाही गेला तर कसं व्हायचं? दारावरची घंटा कोण ऐकणार? रात्री फोन वाजला तर कोण उठणार?”

मग साहेबांनी, अगदी जपून, पण ओरडूनच विचारलं, “तुम्ही दोघं एका घरात राहता का?”

“नाही!” बाई म्हणाल्या. आणि मग, “अजून नाही! पण हे त्यांना सांगू नका हं. गोपनीय आहे म्हणालात ना?”

बाहेर कोणी हसलं नाही. लेकरू कडेवर घेतलेली एक आई पदराने डोळे पुसत होती. कारकुनाने न विचारता आपला पाण्याचा पेला खिडकीतून सरांसमोर ठेवला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं समोरून तो हात वर होताना बघितला, आणि आपल्याला वाटलं ती फक्त तयारीची खूण आहे! असा कसा मी आंधळा, असं त्यांना झालं.

बाई बाहेर आल्या, पर्स सावरत, चेहरा अगदी शांत.

“काय विचारलं?” सरांनी विचारलं.

“नेहमीचंच. मी भरपूर कौतुक केलं तुमचं.”

“बाई, मला सगळं ऐकू आलं.”

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. “कुठल्या कानाने?”

“डाव्या. म्हणजे, सगळ्यांनाच आलं.”

बाईंनी वळून रांगेकडे बघितलं. सगळी रांग एकदम भिंतीवरची सूचना वाचायला लागली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि धपकन बाकावर बसल्या.

“मी अर्ज मागे घेतो,” सर खिडकीकडे वळून म्हणाले.

“त्याला वेगळा अर्ज असतो,” कारकून म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. “राहू द्या सर. मी भरतो. तुम्ही बसा.”

सर बाईंच्या समोर उभे राहिले, ओठ नीट दिसतील असे. “महोत्सवाला मी तुमच्या टोकाला येतो. तुमच्या शेजारी उभा राहतो. भोंगा वाजला की मी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. तुम्ही घड्याळ लावा.”

बाईंचे ओठ हलले. त्या हिशेब करत होत्या. “आवाज यायला वेळ, मग तुमचा हात, मग माझा अंगठा. अर्धा सेकंद तरी जाईल, सर. सगळ्यांच्या वेळा चुकतील.”

“चुकू द्यात. आपली अठ्ठावीस वर्षं गेली, तुम्ही अर्ध्या सेकंदाचं काय घेऊन बसलात!”

एवढं बोलून सर बाकावर बसले. बाई उठल्या, बाकाला वळसा घालून आल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या.