डाव्या पायाची मदत

“एका पायी जोडा, दुज्या पायी काटा,
अशा दात्याच्या दारी जाऊ नको बेटा.”

जोड्यांच्या टाचेला खिळे ठोकताना वडील हे गुणगुणायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. पण बूट-कारखान्याची कोठी सांभाळणाऱ्या त्यांच्या लेकीच्या कानात तो आवाज परवापासून पुन्हा घुमू लागला होता.

परवा टेकडीवरचं जंगल पेटलं, पायथ्याची वस्ती राख झाली आणि मालकांच्या काळजाला पाझर फुटला. छायाचित्रकार मोकळा आहे हे कळल्यावर फुटला, एवढंच. बैठक बसली. चारशे बूट वाटायचे ठरले. कापडी फलकावर कंपनीचं नाव हातभर, ‘वणवाग्रस्तांसाठी’ बोटभर.

“कोणते बूट काढू, साहेब?” कोठीवालीनं विचारलं.

“नमुन्याचे. नाहीतरी धूळच खातायत.”

नमुन्याचा बूट म्हणजे दुकानात मांडायचा. तो जन्माचा एकटा, डाव्या पायाचा. जोडी नसली की चोरही हात लावत नाही.

“अहो, पण ते सगळे...”

“ताई, तुमच्या कायम नेमणुकीची फाइल माझ्याच टेबलावर आहे ना?” मालक साखरेसारखं हसले. “पेट्या दोरीनं घट्ट बांधा. बंद पेट्यांचे फोटो फार छान येतात.”

कोठीवालीनं दोऱ्या आवळल्या. गाठी तिच्या, पक्क्या. तिचा थोरला भाऊ त्याच वस्तीत राहायचा.

सकाळी ट्रक वस्तीत पोचला; पेट्या मोजून द्यायला कोठीवालीही सोबत होती. मालकांनी राखेत पाऊल टाकण्याआधी सतरंजी अंथरायला लावली; नवे बूट होते बिचाऱ्यांचे, दोन्ही पायांत. “आम्ही तुमच्या पावलाला पाऊल जोडून चालू!” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांच्याच माणसांच्या.

पण भुकेल्याला नि अनवाण्याला धीर कुठला? फोटो संपायच्या आत दोऱ्या सुटल्या. दादा पुढे आला. जळक्या घरातून पत्रे ओढताना तळपाय भाजलेले, त्यांवर फडकी गुंडाळलेली. त्यानं एक बूट चढवला, मग पेटीत हात घातला. दुसऱ्या पेटीत. तिसऱ्या.

“चिमे, उजवा कुठंय गं?”

“माल नंतर तपासू,” मालक घाईनं म्हणाले.

“अहो, गाठ हिची आहे,” दादा हसला. “आमच्या बापाची लेक. जोडी असल्याशिवाय ही पेटी बांधायची नाही. शोध गं.”

एक पाय बुटात, एक फडक्यात. तो बगळ्यासारखा तिच्याकडे बघत उभा.

“शोधू नकोस, दादा,” ती म्हणाली. “चारशेच्या चारशे डावे आहेत. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी गाठ मारली.” मग ती मालकांकडे वळली. “उजव्याचे साचे कोठीत पडलेत, साहेब. चार दिवस यंत्रं चालवली की जोड्या पुऱ्या होतील. माझी फाइल राहू द्या. आधी साचे काढा.”