नऊशे पानांचं वायफाय

मिनेसोटातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल मार्लिसबाईंनी नेटवर्क आणि वायफायवरच्या सात पुस्तकांची 'जरूर वाचा' यादी भिंतीवर लावली, त्याला सहा वर्षं झाली. एकाही पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता. त्यामुळे बीट पिकवणारा ऑर्विल येऊन म्हणाला, "बाई, आमचं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. या यादीतलं एखादं द्या, चांगलं जाडजूड," तेव्हा बाईंना नाचावंसंच वाटलं. त्यांनी नऊशे पानांचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं आणि दिवसभर भेटेल त्याला ही बातमी सांगितली.

आठवड्याने ऑर्विल ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांची गरम हॉटडिश घेऊन हजर. "बाई, काय पुस्तक आहे! स्वयंपाकघरात वायफाय नुसतं धो धो येतंय!"

"खरंच? कुठलं प्रकरण कामी आलं?" आनंदाने बाईंचा आवाज चिरकला.

"प्रकरण?" ऑर्विल गोंधळला. "अहो, राउटर त्याच्यावर ठेवला. उंची मिळाली ना! आता गोठ्यापर्यंत न्यायचंय, आणखी द्या."

 बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली आणि उरलेल्या सहा पुस्तकांपाशी जाऊन म्हणाल्या, "किती इंच देऊ रे?"