दाराबाहेरचा राजमुकुट

मी एक जुना राजमुकुट आहे, मित्रांनो. उठून उभे राहू नका. माझा जन्म बिस्किटांच्या डब्यातून झाला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात एक हौशी नाटकमंडळी होती. तिचा कपडेपट सांभाळणाऱ्या एफी रेनीबाईंनी डब्याचा पत्रा कापला, छापील बाजू आत घेतली, बाहेरून सोनेरी रंग दिला आणि आत जुन्या पडद्याची मखमल शिवली. मखमल एका जागी तोकडी पडली. तिथे डब्यावरची सूचना अजून वाचता येते: ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ राजाच्या कपाळाशी एवढाच उपदेश होता, आणि तो एकाही राजाने वाचला नाही.

माझं नाटक आयुष्यभर एकच. त्याचं नाव मी सांगणार नाही. थिएटरात ते नाव घेतलं की अनर्थ होतो, असं आमच्याकडे शहाणी माणसंही मानतात. चुकून कुणी बोललंच, तर त्याने रस्त्यावर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं आणि दार ठोठावून आत घ्या म्हणायचं. त्याने ठोठावल्याशिवाय आतल्यांनी दार उघडायचं नाही. मी हल्ली शाळेच्या कपाटात असतो, तरी उगाच जोखीम नको.

नाटकात एक शूर सरदार आहे. तू राजा होशील असं भविष्य त्याला कळतं. बायको म्हणते, मग वाट कसली बघतोस? घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाला तो मारतो आणि मी त्याच्या डोक्यावर येतो. इथली मुलं परीक्षेत लिहितात, ‘महत्त्वाकांक्षेमुळे नायकाचा नाश झाला’, आणि पूर्ण गुण मिळवतात. मला ते उत्तर अर्धं वाटतं. मी हे डोकं आतून पाहिलंय. गादी हवी असते तोवर ते तापलेलं असतं. मिळाली की घामाने गार पडतं. राजाला त्याने हावेपोटी मारलं, पण जिवलग मित्राला मारलं ते संशयापोटी. स्वतः पाहुण्याचा घात केल्यावर त्याला प्रत्येक पाहुणा मारेकरी दिसू लागतो. आणि त्याची बायको? तिला सगळे पाषाणहृदयी ठरवतात. पण गादी मिळाल्यावर नवरा तिला काही विचारेनासाच होतो. तिची शिक्षा तिथेच सुरू होते.

हे सगळं मला नाटकातून कळलं असं समजू नका. मला ते मंडळीच्या चहाच्या टेबलावर कळलं.

राजाचं काम वर्षानुवर्षं आर्ची लेकी करायचा. पोटापाण्यासाठी तो मासे धुरावर सुकवायच्या भट्टीवर होता, त्यामुळे माझ्या मखमलीला हेरिंग माशांचा वास लागला. वाक्याच्या मध्ये तो इतका लांब थांबायचा की प्रेक्षक खोकायचे थांबत. मित्राचं काम करायचा मर्डो गिलेस्पी, गावातला औषधवाला. एका वसंतात मर्डो चहा पिताना म्हणू लागला, “आर्ची हल्ली विसरतो हो. बिचारा. मी कुणाकडे बोललो नाही.” कुणाकडे न बोलता त्याने ते गावभर केलं. मग आर्ची थांबला की लोक एकमेकांकडे बघू लागले. मंडळीने राजाचं काम मर्डोला दिलं आणि आर्चीला नाटकातल्या दारवानाचं छोटं काम.

“बरं झालं,” आर्ची म्हणाला. “एक प्रवेश झाला की चहाला मोकळा.”

मर्डोच्या डोक्यावर मी आलो आणि मला तो ओळखीचा गार घाम लागला. कॅलम टुलोक नावाचा पोस्टमन त्याचा बदली नट होता.

“ओठ का हलतायत तुझे?” मर्डोने त्याला विचारलं.

“पाठ करतोय, गिलेस्पीसाहेब.”

“कशाला?”

“तुम्ही आजारी पडलात तर.”

“म्हणजे पडावं असं वाटतंय.”

“छे हो. मला तर स्वप्नात पण घाम फुटतो.”

मर्डोला हे फारच सफाईदार वाटलं. तेव्हापासून तो एफीबाईंचा चहा हुंगून प्यायला लागला.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी त्याचा खंजीर जागेवर नव्हता. एफीबाई तो पुसत बसल्या होत्या. पण मर्डो भडकला, हे नाटक तुम्हाला माझ्याकडून हिसकावून घ्यायचंय म्हणाला, आणि त्या भरात नाटकाचं नाव त्याच्या तोंडून निघून गेलं.

एफीबाईंनी खंजीर खाली ठेवला.

“बाहेर जा, मर्डो,” एफीबाई म्हणाल्या. “रीत आहे.”

“आणि तुम्ही दार लावून घ्याल.”

“लावायलाच लागतं. नाहीतर ठोठावशील कशावर?”

मर्डोने मला उचललं आणि डोक्यावर घट्ट बसवलं. मुकुटाशिवाय पडदा उघडणार नाही, असा त्याचा हिशेब.

रस्त्यावर समुद्राचं धुकं पसरलं होतं. त्याने गिरक्या घेतल्या, थुंकला. तळलेले मासे घेऊन चाललेल्या एका बाईने विचारलं, “महाराज, बस चुकली का?” त्याने मूठ उचलली. आणि ठोठावण्याऐवजी दाराला कान लावला.

आतून काहीच ऐकू येईना. येणार कसं? आतले सगळे श्वास रोखून त्याच्या ठोक्याची वाट बघत होते.

“कुजबुजतायत,” मर्डो पुटपुटला. “बघ, किती हळू. ऐकूसुद्धा येत नाही.”

तो तसाच उभा राहिला. मखमल भिजली, माझा सोनेरी रंग त्याच्या कानावर ओघळला. आत मंडळीने जमेल तेवढा वेळ काढला आणि शेवटी पडदा उघडला. नाटक पुढे सरकलं, मध्यंतराच्या टाळ्या झाल्या. तेव्हा कुठे मर्डोने दार ठोठावलं.

दार तत्काळ उघडलं. आर्ची स्टूल टाकून दाराशीच बसला होता.

“इतका वेळ का नाही वाजवलंस?”

“तुम्ही काय बोलता ते ऐकत होतो.”

“बोलतोय कोण? सगळे तुझी वाट बघत होते. कॅलम तुझ्या जागी पुडिंगचं भांडं डोक्यावर घालून उभा आहे, रडकुंडीला आलाय. ये आत.”

“आत आलो की काय करणार तुम्ही?”

“चहा देणार,” आर्ची म्हणाला आणि हातातला मग पुढे केला.

मर्डोने मग घेतला. हुंगला. मग तो उंबऱ्यावर ठेवला, शेजारी मला ठेवलं आणि धुक्यात चालू लागला. आर्चीने दोनदा हाक मारली. दार कितीतरी वेळ उघडंच होतं.

उत्तरार्धात मी आर्चीच्या डोक्यावर होतो. एका जागी तो थांबला, पूर्वीसारखाच, लांब. कुणी खोकलं नाही.

मित्रांनो, मर्डो पुन्हा मंडळीत आला नाही, आणि त्या रात्रीचा गंज माझ्या काठावरून गेला नाही. तुम्ही वर्गात मला आळीपाळीने घालता. घातल्याबरोबर तुमच्यातला एकेक जण आधी मागे वळून बघतो. माझं लक्ष असतं. तेव्हा मला डोक्यावर घ्यायच्या आधी माझ्या आत लिहिलंय ते एकदा वाचा, आणि काम झालं की मला कोरड्या जागी ठेवा. कपाटाचं दार मात्र हलकेच उघडून डोकावू नका. सरळ ठोठावा. मी आतच असतो.