अस्तरातला कागद

दाराआडच्या खुंटीवर लटकलेला कोट रोज दुपारी तीनच्या सुमाराला वाजायचा. वारा नाही, पंखा बंद, तरी चुर्र, चुर्र. वीस वर्षांत टेलरमास्तरांना त्याची सवय व्हायला हवी होती, पण कसली होतेय! आवाज आला की हातातली सुई थांबायची.

कोट त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, त्यांच्यासाठीच शिवायला घेतला होता. दुकानही तिचंच. अस्तराची खालची शिवण तेवढी राहिली आणि आक्का गेली. आठवड्याने मास्तर ती शिवण पुरी करायला बसले, तर आत घडी घातलेला कागद.

तशी दुकानाची रीतच होती. कपडा पुरा होईपर्यंत मापाचा कागद त्याच्या आत ठेवायचा. वर गिऱ्हाईक आणि माल, घडीच्या आत मापं. या कागदावर वर आक्काचं ठसठशीत अक्षर होतं: ‘गिऱ्हाईक: मागच्या गल्लीतलं बालगृह. माल: दुकान, मशीन, सगळं.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. म्हणजे आपण रस्त्यावर! घडी उलगडायचं त्यांना सुचलंच नाही. दुकानाला कसली आलीयेत मापं? कागद जाळायला हात धजेना, तिचं अक्षर होतं ते. तो तसाच आत ठेवून त्यांनी शिवण घातली आणि तोंडाला कुलूप लावलं. मग बालगृहाच्या बाई पोरांच्या गणवेशांसाठी आल्या, तेव्हा ‘वेळ नाही’ म्हणाले. मागच्या गल्लीत तर पाऊलच टाकलं नाही. कोट अंगाला लावला नाही.

आता डॉक्टरांनी छाती तपासून ‘काय ते लिहून ठेवा’ म्हटल्यावर त्यांनी वकीलबाईंना दुकानातच बोलावलं.

“दुकान, मशीन, सगळं बालगृहाला,” मास्तर घाईघाईने म्हणाले.

“अहो, केवढं मोठं मन तुमचं!” वकीलबाईंना भरून आलं. “दारावर तुमच्या नावाची पाटी लावतील बघा.”

चुर्र.

वकीलबाईंनी मान वर केली. “उंदीर झालेत का हो?”

म्हणजे यांनाही ऐकू येतंय! मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं. “उंदीर नाही,” ते म्हणाले, “आक्का आहे.” आणि मग त्यांना राहवेना. सगळं सांगून टाकलं. कोट मांडीवर घेऊन त्यांनी ब्लेडने शिवण उसवली आणि कागद बाईंपुढे धरला. “मी चोर आहे, बाई. माझी पाटीबिटी नको.”

वकीलबाईंनी घडी उलगडली. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला.

“‘द्यायची तारीख: भाऊ आहे तोवर नाही. त्याला मशीनवरून कुणी उठवायचं नाही. पोरांचे कपडे त्यालाच शिवू द्यावेत. त्याला मूलबाळ नाही; पोरांनाही मामा मिळेल.’”

मास्तरांनी कागद ओढून घेतला. पुन्हा वाचला. मग लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. ज्या दुकानासाठी ते चोर झाले, ते त्यांच्याकडून कुणी मागितलंच नव्हतं. वीस वर्षांत किती पोरं येऊन मोठी होऊन गेली असतील!

“पाटीवर तिचं नाव घालायला सांगा,” एवढंच ते म्हणाले. वकीलबाईंनी तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर तीनच्या आधीच खुंटीपाशी जाऊन बसले. तीन वाजले. सव्वातीन झाले. कोट गप्प. त्यांनी कागद पुन्हा आत ठेवून पाहिला, बाही हलवून पाहिली. “आक्का, ओरड की गं! शिव्या दे हवं तर.” काही नाही. इतकं एकटं त्यांना ती गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

अखेर त्यांनी कोट अंगात घातला. खांद्यांत ढगळ झाला होता. टेप गळ्यात अडकवून ते मागच्या गल्लीत गेले आणि बालगृहाची कडी वाजवली. दार एका चिमुरडीने उघडलं. तिच्या फ्रॉकची एक बाही उसवलेली होती.

“तुम्ही कोण?”

मास्तरांनी तोंड उघडलं. आक्काने लिहिलेला तो दोनअक्षरी शब्द काही केल्या बाहेर येईना.

“टेलर,” ते म्हणाले. “यायला जरा उशीर झाला.”